खो देणाऱ्याची नोंद

माजिवडा, शनिवार, ५ एप्रिल २०२५

भाचीचा मुलगा मिनेसोटात शाळेच्या संघातून आइस हॉकी खेळतो. आज फोनवर तो दुसरं काही बोलायलाच तयार नव्हता. होबी बेकर पुरस्कारासाठी शेवटची तीन नावं उरली आहेत आणि पुढच्या शुक्रवारी त्यातलं एक जाहीर होणार. महाविद्यालयीन आइस हॉकीतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तिकडे या पुरस्कारानं ठरतो. पहिल्या श्रेणीच्या साठाहून अधिक संघांचे प्रशिक्षक नावं सुचवतात. त्यातून दहा जण निवडतात, दहातून तीन, तिनातून एक. पोराला सगळ्यांचे आकडे पाठ आहेत.

मग त्यानं विचारलं, "आजोबा, तुमच्या खो-खोत कॉलेजचा बेस्ट प्लेअर कोण ठरवतं?"

मी त्याला आमची पद्धत सांगितली. प्रत्येक स्पर्धेच्या शेवटी उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट आक्रमक आणि अष्टपैलू असे तीन खेळाडू निवडतात, चषक देतात, फोटो काढतात. "आणि पूर्ण वर्षाचा?" वर्षाचा असा एक खेळाडू निवडलेला मी आमच्या आंतरमहाविद्यालयीन खो-खोत तरी पाहिलेला नाही. गुणलेखकाच्या टेबलाशी माझं आयुष्य गेलं, तेव्हा हे मी खात्रीनं सांगू शकतो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ तोच प्रश्न डोक्यात होता. खाली मेट्रोच्या खांबांशी रात्रपाळीचं काम सुरू झालं होतं.

रविवार, ६ एप्रिल, रामनवमी

होबी बेकर म्हणजे कोण, ते आज नीट वाचून काढलं. जन्म १८९२चा, फिलाडेल्फियाजवळचा. प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० ते १९१४ या काळात तो फुटबॉल आणि आइस हॉकी दोन्ही खेळला आणि दोन्ही संघांचा कर्णधार झाला. अमेरिकेतलं फुटबॉल अंगावर धावून जाण्याचं, पण हा डोक्यावर शिरस्त्राण न घालता खेळायचा. आइस हॉकीही धसमुसळा खेळ. त्यातही धक्काबुक्कीसाठी त्याला बाहेर बसवण्याची वेळ फारशी आली नाही. सामना संपला की तो प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन एकेकाशी हात मिळवायचा. पुढे माँट्रियलहून व्यावसायिक खेळाडू होण्यासाठी पैशाचं बोलावणं आलं, ते त्यानं नाकारलं. न्यूयॉर्कला बँकेत नोकरी केली आणि हौशी क्लबातून खेळत राहिला.

पहिल्या महायुद्धात तो वैमानिक म्हणून फ्रान्सला गेला. युद्ध संपलं. घरी परतण्याचा हुकूम हातात पडला. २१ डिसेंबर १९१८ रोजी, निघण्याआधी दुरुस्त केलेलं एक विमान तपासून पाहायला तो तूल गावाजवळ आकाशात गेला आणि विमान कोसळलं. वय अवघं २६. आइस हॉकी आणि महाविद्यालयीन फुटबॉल या दोन्हींच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये नाव असलेला तो एकटाच आहे.

त्याच्या नावाचा पुरस्कार मात्र फार उशिरा आला. मिनेसोटातल्या ब्लूमिंग्टन गावच्या एका क्लबानं तो १९८०मध्ये ठरवला आणि १९८१मध्ये पहिल्यांदा नील ब्रॉटनला दिला. निकषांची यादी वाचताना मी एका ओळीवर थांबलो. कौशल्य तर हवंच, पण मैदानात आणि मैदानाबाहेर चारित्र्य हवं, संघाशी इमान हवं, अभ्यासाकडेही लक्ष हवं. पुरस्कार कसा असावा याची ही माझ्या मते उत्तम व्याख्या आहे. बेकर कसा होता, ते त्यांनी नियमात उतरवून ठेवलं.

मुलींसाठी याच तोडीचा पॅटी काझमायर पुरस्कार १९९८पासून दिला जातो. पॅटीही प्रिन्स्टनचीच खेळाडू. रक्ताच्या दुर्मीळ आजारानं ती १९९०मध्ये गेली, तेव्हा २८ वर्षांची होती.

मंगळवार, ८ एप्रिल

खो-खोत वैयक्तिक पुरस्कार नाहीत असं कोणी समजू नये. उलट फार कमी देशी खेळांत इतकी सुंदर शिडी आहे. राष्ट्रीय किशोर गटात मुलांना भरत आणि मुलींना इला, कुमार गटात वीर अभिमन्यू आणि जानकी, खुल्या गटात पुरुषांना एकलव्य आणि महिलांना राणी लक्ष्मीबाई. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पहिल्या पायरीवर इला मिळाला की वर आणखी दोन पायऱ्या तिला दिसत असतात.

या वर्षी १९ जानेवारीला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक ज्या भारतीय मुलींनी जिंकला, त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे याच शिडीनं वर गेली. किशोर गटात इला आणि २०२२च्या राष्ट्रीय स्पर्धेत राणी लक्ष्मीबाई. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं तो सामना मी टीव्हीसमोर बसून पाहिला. पुरुषांचा कर्णधारही आपलाच, पुण्याचा प्रतीक वाईकर, आणि त्याच्या संघानंही त्याच दिवशी नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. राज्य सरकारनं महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपये जाहीर केले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. कारण अर्जुन पुरस्कारांच्या यादीत १९९८च्या शोभा नारायणनंतर खो-खोचं पुढचं नाव यायला २०२० उजाडलं होतं. ते नाव उस्मानाबादच्या सारिका काळेचं. बावीस वर्षं या खेळाकडे कोणी पाहिलंच नाही असं म्हणायचं का? त्या बावीस वर्षांत मी टेबलाशी बसून जे खेळाडू पाहिले, त्यांच्यासाठी आजही जीव तुटतो.

तरीही पोराच्या प्रश्नाचं उत्तर या शिडीत नाही. भरत-इला शाळेच्या वयाचे, एकलव्य-लक्ष्मीबाई खुल्या गटाचे, आणि सगळे एकेका स्पर्धेचे. महाविद्यालयाच्या तीन-चार वर्षांत पोरं काय करतात, त्याचा हिशेब कुठे राहतो? आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या कामगिरीवर मौलाना आझाद चषक आहे, १९५६-५७पासून आहे, पण तो विद्यापीठाला मिळतो. क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषकही संघाचा. शिवछत्रपती पुरस्कार खेळाडूंना मिळतो, पण तो सगळ्या खेळांचा आणि सगळ्या वयांचा.

गुरुवार, १० एप्रिल

उकाडा फार. कापूरबावडीपर्यंत चालत गेलो आणि घामाघूम होऊन परतलो. उड्डाणपुलाच्या सावलीत पोरं कबड्डीच्या पकडी घटवत होती. आमच्या माजिवड्या-बाळकुमाकडचा जीव कबड्डीत. आगरी-कोळी गावांत हा खेळ अंगातच असतो. खो-खोची मुलं पाहायची तर मला बदलापूरकडे नाहीतर कोपरखैरण्याकडे जावं लागतं.

शनिवार, १२ एप्रिल, हनुमान जयंती

पहाटे गावठाणात जन्मोत्सवाची घंटा वाजत होती. त्याच वेळी मोबाइलवर पोराचा निरोप आला. पुरस्कार आयझॅक हॉवर्डला मिळाला. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा आघाडीचा खेळाडू. तिकडे सेंट लुइसमध्ये शुक्रवारची संध्याकाळ होती.

सोबत पोरानं आकडे पाठवले होते. ३७ सामने, २६ गोल, २६ साहाय्य, एकूण ५२ गुण.

आणखी एक गोष्ट त्यानं सहज लिहिली होती, माझ्या मनात मात्र ती घर करून बसली. हॉवर्डचा संघ महाविद्यालयीन विजेतेपदाच्या अंतिम चार संघांत नाहीच. मार्चअखेर पहिल्याच फेरीत कॉर्नेलकडून ३-४ असा हरून तो घरी गेला होता. म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यांच्या गावी, ज्याचा संघ तिथे नाही अशा मुलाला, वर्षाचा सर्वोत्तम म्हणून उभं केलं. आपल्याकडे हे होईल का? आमच्याकडे अष्टपैलूचा चषक बहुतेक वेळा विजयी संघाकडे जातो आणि उत्कृष्ट संरक्षकाचा चषक उपविजेत्यांच्या समाधानासाठी ठेवतात. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या संघातली मुलगी कितीही चांगली खेळलेली असो, ती बक्षीस समारंभाआधीच एसटीत बसलेली असते. चार दिवसांच्या स्पर्धेवर माणूस जोखायचा म्हटलं की दुसरं काय होणार? दोष पंचांचा नाही, त्यांच्यापुढे चारच दिवसांचे कागद असतात.

रविवार, १३ एप्रिल

तिकडचा अंतिम सामना वेस्टर्न मिशिगननं जिंकला, बॉस्टन विद्यापीठाला ६-२ असं हरवून. त्यांचं हे पहिलंच विजेतेपद. पोर खूश.

मी मात्र कालच्या आकड्यांवर अडलो आहे. २६ गोल कळले. २६ साहाय्य म्हणजे काय, ते त्याच्याकडून समजून घेतलं. आइस हॉकीत गोल झाला की गोल करणाऱ्याला एक गुण मिळतोच, पण त्याच्याआधी चकती ज्यानं पुढे दिली त्यालाही एक, आणि त्याच्याही आधी ज्यानं दिली त्यालाही एक. एका गोलात तिघांचं नाव लागतं. वर्षअखेरीस हॉवर्डच्या ५२ गुणांतले निम्मे गुण त्यानं दुसऱ्याला करून दिलेल्या गोलांचे आहेत. पुरस्काराच्या निवड समितीनं ते निम्मे गुणही मोजले.

आमच्या गुणपत्रकात काय असतं? बाद झालेल्याचा क्रमांक, बाद करणाऱ्याचा क्रमांक, वेळ आणि बाद कसा केला त्याची खूण. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं ते यातूनच. अमुक हिनं २.१० मिनिटं संरक्षण करून तीन गडी बाद केले, तमुक हिनं १.४० मिनिटं संरक्षण करून दोन. सेकंद संरक्षकाचे आणि गडी बाद करणाऱ्याचे. खो देणारी यात कुठेही नाही.

आणि खो-खोतला गडी एकट्यानं बाद होत नाही. हे ज्यानं मध्यपाटीजवळ उभं राहून पाहिलं आहे त्याला सांगायला नको. पाठलाग करणारी मागे फिरू शकत नाही, मध्यपाटी ओलांडू शकत नाही, बसलेल्या दोघींच्या मधून जाऊ शकत नाही. संरक्षक मात्र जाऊ शकते, हवी तिकडे वळू शकते, उभ्याउभ्या हुलकावणी देऊ शकते. पाठलाग करणारीच्या हातात एकच हत्यार, वेळेवर दिलेला खो. चांगली आक्रमक संरक्षकाला स्वतः पकडायला जातच नाही. ती तिला दाबत दाबत अशा ठिकाणी आणते की पुढची उठली की दोन पावलांत हात लागलाच पाहिजे. तो हात जिचा लागला तिचं नाव कागदावर येतं. संरक्षकाला त्या जागी आणणारीचं नाव येत नाही.

मला अशी एक खेळाडू आठवते, नाव लिहीत नाही. कल्याणकडच्या एका महाविद्यालयाची होती. तिच्या संघानं सलग स्पर्धा जिंकल्या, आणि तिच्या नावावर बाद केलेले गडी अगदी मोजकेच. उंचीनं कमी, सूर मारण्यात बरी, पण खो असा द्यायची की संरक्षक आपणहून पुढचीच्या हातात जायची. तिच्या प्रशिक्षकांना ते दिसत होतं, मला दिसत होतं. निवड समितीपुढे कागद गेले तेव्हा कागदात काहीच नव्हतं. ती विद्यापीठाच्या संघात गेली नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

आज दिवसभर एकाच अडचणीवर विचार केला. खो इतके भराभर पडतात की गुणलेखक ते लिहिणार कसे? जोरात साखळी लागली की काही सेकंदांत पाच-सहा खो. नऊ मिनिटांच्या आक्रमणात ते सगळे टिपायचे म्हटलं तर माणूस वेडा होईल.

पण सगळे टिपायचे नाहीतच. बाद होण्याआधीचा शेवटचा खो कोणी दिला, एवढंच हवं. आणि त्याचा पुरावा मैदानातच बसलेला असतो! खो दिला की देणारी उठलेल्या खेळाडूच्या चौरसात बसते, हा नियमच आहे. मग बाद करणारी ज्या चौरसातून उठली, त्या चौरसात या क्षणी जी बसली आहे, तीच खो देणारी. तिच्याही आधीची हवी असेल तर ही बसलेली ज्या चौरसातून आली, तिथे बघायचं. छातीवर क्रमांक असतो. गडी बाद झाल्याची शिट्टी वाजली की टेबलावरच्या माणसानं फक्त एक नजर टाकायची आणि एक आकडा लिहायचा. बाद करणारी खांबाला वळसा घालून लांबवर गेली तरी चौरस काही हलत नाही.

इतकी वर्षं हा खेळ आपल्यासमोर आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नियम बांधले, १९३६मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनला आपले देशी खेळ जगाला दाखवले, १९५९-६०मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. माती जाऊन मॅट आली. २०२२पासून लीग सुरू झाली, त्यात सूर मारून बाद केल्याला जादा गुण मिळू लागला. सूर दिसायला देखणा, टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवता येतो. खोचं मोल मात्र होतं तिथेच राहिलं.

गुरुवार, १७ एप्रिल

एका उन्हाळी शिबिरात मुलींचा सराव सामना होता. एका पदवीच्या विद्यार्थिनीला शेजारी बसवलं आणि गुणपत्रकात पेन्सिलीनं एक रकाना आखून दिला. पहिल्या काही मिनिटांत ती गोंधळली. मग तिची नजर बसली. दुसऱ्या डावात ती शिट्टीबरोबर क्रमांक पुटपुटायला लागली.

सामना संपल्यावर दोघांनी बेरीज केली. सर्वांत जास्त गडी बाद करणारी जी, तिचं नाव सगळ्यांना आधीच माहीत होतं. शेवटचे खो सर्वांत जास्त कुणाचे, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. खांबाशेजारच्या चौरसातून उठणारी एक सडपातळ मुलगी. तिला बोलावून कागद दाखवला. ती काही बोलली नाही, पण कागदाचा फोटो काढून घेतला. तिचे प्रशिक्षक म्हणाले, "सर, हे मी तिला रोज सांगतो, पण आज पहिल्यांदा तिला लिहिलेलं दिसलं."

काही दोष आहेत, तेही लिहून ठेवतो. कधी शेवटचा खो नुसता योगायोगाचा असतो. संरक्षक पाय घसरून पडते आणि नुकतीच उठलेली तिला शिवते. आइस हॉकीतही असं होत असणार. एका सामन्यात त्यानं फरक पडेल, अख्ख्या वर्षात पडणार नाही. वर्षभराचा हिशेब ठेवण्याचं खरं बळ तेच आहे.

रविवार, २० एप्रिल

आज आमच्या जुन्या मंडळींची बैठक झाली. पंच, प्रशिक्षक, निवृत्त क्रीडाशिक्षक. वार्षिक पुरस्काराची कल्पना मी मांडली. पैशाचा प्रश्न निघाला, तो निघणारच होता. मी म्हटलं, रक्कम नसली तरी चालेल, नोंद असू द्या. होबी बेकर पुरस्काराचं वजन वर्षभराच्या नोंदीत आहे आणि मागे उभ्या असलेल्या नावांच्या रांगेत. १९९३चा पॉल कारिया, २००१चा गोलरक्षक रायन मिलर, २०१९चा केल मकार. २०१४चा जॉनी गोड्रो गेल्या ऑगस्टमध्ये सायकल चालवताना मोटारीच्या धडकेनं भावासह गेला, आणि त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी त्याच्या महाविद्यालयातल्या वर्षाचीही आठवण काढली. ते वर्ष नोंदलेलं होतं म्हणूनच.

एकानं विचारलं, नाव कुणाचं द्यायचं? त्यावर खूप बोलणं झालं. माझं मत असं की पुराणातलं नाव नको, ती नावं शिडीवर आधीच आहेत. खो-खो खेळलेल्या, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणाऱ्या कुणाचं तरी असावं. ते सगळ्यांनी मिळून ठरवावं.

जूनमध्ये महाविद्यालयं उघडतील, पावसाळ्यानंतर आंतरमहाविद्यालयीन सामने लागतील. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जिमखाना प्रमुखांना, प्रशिक्षकांना आणि टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येक गुणलेखकाला माझी विनंती आहे. पुरस्कार पुढच्या वर्षी ठरवू, समिती सावकाश नेमू. या हंगामापासून गुणपत्रकात एक रकाना तेवढा वाढवा, गडी बाद झाला की चौरसात कोण बसलं आहे ते बघा आणि खो देणाऱ्याचा क्रमांक लिहा. सामना संपल्यावर कागद फेकू नका, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे जमा करा.